गंधकाच्या खड्ड्यापासून चिमणीपर्यंत

सुरतेहून परतणारी माणसं साड्या आणतात, घारीची मिठाई आणतात. मी भोकं पडलेला खादीचा कुर्ता आणला. तो तसा कसा झाला ते पुढे येईलच.

आमच्या घरात वर्तमानपत्र कधीमधी यायचं, पत्रकं मात्र रोज असायची. वडील शेतमजुरांच्या संघटनेचं काम करतात. अमळनेरच्या छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे घरी यायचे आणि वाटून उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवायची. त्याचा परिणाम असा, की कुठे जायचं ठरलं की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो आणि गाव नंतर दिसतं. या वेळचा मथळा होता ‘विषाचा कारखाना आणि त्याचे बळी’. माझा मामेभाऊ भटूदादा सुरतेजवळ, इच्छापोरच्या पुढे, सल्फ्युरिक ॲसिडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं ठेकेदाराचा हेल्पर आहे. त्याच्या घरी पाच दिवस राहायचं, डोळ्यांनी बघायचं आणि घणाघाती लिहायचं, असा बेत होता.

आपल्याकडच्या कितीतरी घरांतला एकेक माणूस सुरतेला आहे. तो दिवाळीला चांगले कपडे घालून येतो, आणि तिथे नक्की काय करतो ते सांगत नाही. आपणही ‘कंपनीत आहे’ एवढ्यावर गप्प बसतो. हे लिहिते आहे ते घरी राहिलेल्यांसाठी.

शनिवार, उधना

उधना स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याशी मी हिंदीत घासाघीस केली, त्यानेही हिंदीत केली. अर्ध्या वाटेत त्याला घरून फोन आला आणि तो म्हणाला, ‘हां, ई ऱ्हायनू.’ तो शिंदखेड्याचा निघाला. मग उरलेला रस्ता आम्ही अहिराणीत बोललो आणि भाडं आपोआप कमी झालं. भटूदादाच्या गल्लीत तर मला वाटलं, गाडी फिरून परत खानदेशातच आली. ओट्यांवर बसलेल्या बायका ओळख ना पाळख, ‘कवय उनी वं माय?’ म्हणजे कधी आलीस, असं विचारत होत्या, आणि त्यांची पोरं त्यांच्याच अंगावरून गुजरातीत भांडत पळत होती.

कल्पनावहिनी, म्हणजे भटूदादाची बायको, खाटेच्या चौकटीवर ताणलेल्या साडीला टिकल्या चिकटवत होती. मला बघून उठली नाही, कारण गोंद वाळला असता. ‘पाणी माठात आहे, घे, आणि पत्रकं आणली असशील तर त्या कोपऱ्यात ठेव, इथे टिकल्या उडतात,’ म्हणाली. मला हे स्वागत फार आवडलं.

जेवायला शेवभाजी होती. तिखट आपल्यासारखंच, पण शेव सुरती, म्हणून रश्शात पडल्यावरही जरा ऐटीत राहणारी. शेजारणीने वाटीभर डाळ पाठवली होती, तिच्यात गूळ. मी तोंड वाकडं केलं तर वहिनी म्हणाली, तिलाही पहिली दोन वर्षं तसंच झालं; आता गावी गेल्यावर आपल्या वरणात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

जेवताना मी माझा मथळा वाचून दाखवला. भटूदादाने घास पूर्ण चावला, मग विचारलं, ‘बळी कोण?’

‘तुम्ही,’ मी म्हटलं.

वहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. भटूदादा हसला नाही. ‘मंगळवारपर्यंत थांब,’ म्हणाला. ‘मंग ठरव.’

मंगळवारी काय आहे ते वहिनीने भांडी घासताना सांगितलं. कारखाना वर्षातून एकदा साफसफाईसाठी बंद ठेवतात, तो आता बंद होता आणि मंगळवारी सकाळी चालू व्हायचा होता. भटूदादाने चार वर्षांपूर्वी बाहेरून बसून आयटीआयची परीक्षा दिली होती. प्लांटचे प्रमुख देसाईसाहेब यांनी यंदा ठरवलं की गंधकाची पूर्ण बाजू भटूदादाने एकट्याने सांभाळून दाखवायची. पेटवल्यापासून चिमणी साफ होईपर्यंत प्लांट एकदाही थांबला नाही, तर त्याला कंपनीचा कायमचा ऑपरेटर करायचं. थांबला, तर परत ठेकेदाराकडे. वय एकोणचाळीस. ‘पुन्हा कोणी विचारणार नाही,’ वहिनी म्हणाली आणि तवा जरा जास्तच जोरात घासला.

रविवार, कारखाना

सकाळी कपड्यांवरून वाद झाला. भटूदादा म्हणाला, सुती घालू नको, वहिनीचा टेरिकॉटचा ड्रेस घाल. मी म्हटलं, खादी हे माझं तत्त्व आहे. ‘तत्त्वाला खादी चालते,’ तो म्हणाला, ‘ॲसिडला नाही चालत.’ मी खादीच घातली.

फाटकावर हेल्मेट, चष्मा आणि दोन नंबर मोठे बूट मिळाले. आत शिरल्यावर यंत्रं दाखवण्याआधी मला हिरव्या रंगाचा नळ दाखवला: अंगावर ॲसिड उडालं तर धावत यायचं, साखळी ओढायची आणि बराच वेळ पाण्याखाली उभं राहायचं. दोन्ही हातांनी साखळी शोधायची सवय करून घेतली, कारण डोळे मिटलेले असू शकतात. मी डोळे मिटून पाच वेळा शोधली. तीनदा भिंत सापडली.

तिथे गजूभाऊ भेटला. बुलढाण्याकडचा, भटूदादासारखाच ठेकेदाराचा हेल्पर, आणि त्याच्या मते संपूर्ण प्लांटचा मालक. दोघांनी मिळून मला फिरवलं. मी शाळेत हे सगळं बाणांच्या चित्रात शिकले होते. बाणांना वास नसतो, आणि त्यांच्यावर चढून गुडघे दुखत नाहीत.

सुरुवात गंधकाच्या ढिगापासून. पिवळाजर्द, हळदीच्या बाजारासारखा. खाणीतलं नव्हे, तेलशुद्धीकरणात पेट्रोल-डिझेलमधून बाहेर काढलेलं. ते वाफेच्या नळ्या फिरवलेल्या खड्ड्यात वितळवतात, गाळतात आणि पंपाने भट्टीकडे पाठवतात. पाइप दुहेरी असतो: आत गंधक, भोवती वाफ. कारण गंधक जरा थंड झालं की पाइपातच दगड होतं. मग पहार घेऊन ते फोडायचं, आणि ते काम हेल्परचं. भटूदादाच्या मनगटांवर त्याचे बारीक डाग आहेत, जुने आणि नवे. अकरा वर्षांत त्याने सर्वांत जास्त काय केलं असेल, तर जाम झालेलं गंधक फोडलं.

खड्डा मात्र बंदच्या काळातही गरम ठेवलेला होता. भटूदादाने लोखंडी सळई बुडवली, मधाच्या रंगाचा थेंब तिच्या टोकाला आला, आणि सळई शेजारच्या पाण्याच्या बादलीत खुपसली. चर्र झालं. बाहेर काढून नखाने दाबलं तर टचकन तुटलं, पिवळं आणि ठिसूळ. ‘बरोबर आहे,’ तो म्हणाला. बरोबर नसेल तर? तर ते रबरासारखं ताणलं जातं. गूळ, तूप, डांबर, सगळं जितकं तापवाल तितकं पातळ होतं. गंधक एका हद्दीपर्यंतच ऐकतं. एकशे साठ अंशांच्या वर नेलं की ते लालसर काळं होतं आणि काकवीसारखं जाड, पंपाला ओढवत नाही. बोर्डासमोर बसणाऱ्यांना आकडे दिसतात. हेल्परना ही बादली. ती कुणी शिकवली नाही, एकमेकांचं बघून आली आहे.

पुढे भट्टी. गंधकाचा फवारा तिथे हवेत जळतो, पण ती हवा आधी कोरडी करावी लागते, आणि ती कोरडी करायला वापरतात ते ॲसिडच. पाण्याला ते असं पकडतं की हवेतली ओल सुटत नाही. जळून निघालेला वायू हजार अंशांच्या आसपास असतो. त्या उष्णतेवर बॉयलर चालतो, त्याच्या वाफेवर आजूबाजूचे विभाग. एकदा पेटलं की भट्टीला दुसरं सरपण लागत नाही. गंधक स्वतःच जळत राहतं आणि वर सगळ्यांना वाफ वाटतं. इतकं उदार काही मी कारखान्यात अपेक्षिलं नव्हतं.

मग कन्व्हर्टर, चार मजल्यांचं उंच गोल भांडं. प्रत्येक मजल्यावर व्हॅनेडियमच्या बारीक रिंगांचा थर. वायू त्यांच्यातून जाताना आणखी थोडा ऑक्सिजन धरतो आणि वेगळाच वायू होतो. रिंगा तशाच राहतात. त्या बाहेर काढून चाळण्याचं काम संपत आलं होतं, माणसं गहू चाळावेत तशी चाळत होती. गजूभाऊने एक रिंग माझ्या हातमोज्यावर ठेवली. ‘हे म्हंजे मध्यस्थ,’ म्हणाला. ‘दुसऱ्यायचं लगन लावून देते अन् सोता तसाच राहते.’ मागून कुणीतरी विचारलं, गजू, तुझं कोणी लावलं नाही का अजून? तो म्हणाला, चार मजले चढलो ना बाप्पा, अजून जमून नाही राहिलं.

शेवटी मी विचारलं, हा वायू पाण्यात सोडला की झालं ना ॲसिड? शाळेत मी तसंच लिहून गुण मिळवले होते. भटूदादाने मान हलवली. पाण्यात सोडला तर त्याचं पांढरं धुकं होतं, ते कशानेच पकडता येत नाही आणि चिमणीतून गावावर जातं. म्हणून तो अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या ॲसिडातच जिरवायचा, आणि मग त्यात बेताबेताने पाणी घालायचं. ‘दही लावायला दहीच लागस ना,’ तो म्हणाला, ‘तसं.’ नीट चाललेल्या प्लांटच्या चिमणीतून काहीही दिसत नाही. पांढरं दिसलं की कुणीतरी काहीतरी चुकलेलं असतं, आणि ते सगळ्या शिवाराला दिसतं.

निघताना देसाईसाहेबांची गाठ पडली. उंच, हडकुळे, बोलताना समोरच्याऐवजी यंत्राकडे बघणारे. मी त्यांना तोंडावर सांगितलं, की जो माणूस अकरा वर्षं हेल्पर असतो तो हेल्पर नसतो, त्याला फक्त तसं म्हटलं जातं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, लिहा तुमच्या पत्रकात, आणि एक प्रत मला द्या, वर पाठवायला मलाही कागद लागतो. रागवायची सगळी तयारी करून गेलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की फार अडचण होते.

सोमवार, घर आणि तापीकाठ

सकाळी वहिनीने माझा कुर्ता पिळला आणि तो तिच्या हातात चाळणी होऊन आला. मी आदल्या दिवशी कुठल्यातरी कठड्याला टेकले होते. ॲसिडाचा थेंब सुती कापडावर बसतो, दिसत नाही, दुखत नाही, आणि पाणी लागलं की त्या जागचं कापडच निघून जातं. वहिनीने तो उजेडासमोर धरला आणि शेजारणींना बोलावून दाखवला. ‘हाई बघा, तत्त्व,’ म्हणाली. पुढचे दोन दिवस मी तिच्या टेरिकॉटच्या ड्रेसमध्ये होते, जांभळा, सोनेरी काठाचा. वडिलांना फोटो पाठवला नाही.

भटूदादा सकाळच्या पाळीला गेला होता. प्लांट एकदम पेटवता येत नाही. भट्टीच्या विटा आणि रिंगांचे थर आधी डिझेलच्या बर्नरवर हळूहळू तापवावे लागतात, दीड-दोन दिवस. थर चारशे अंशांच्या वर गेले नाहीत तर वायूचं रूपांतर होतच नाही, तो तसाच चिमणीतून बाहेर पडतो.

दुपारी वहिनीबरोबर तयार साड्या द्यायला गेले. दुकानदाराच्या गादीवर पलसाण्याहून रंगून आलेल्या थानांचे ढीग होते. वहिनी म्हणाली, या लालमध्येही ह्यांचं ॲसिड असणार. खरंच आहे, रंग बनवायलाच ते लागतं, खताला लागतं, गाडीच्या बॅटरीत असतं. मी हातातली साडी उलटसुलट करून बघितली. माझ्या मथळ्यातल्या ‘विष’ या शब्दाची थोडी पंचाईत झाली होती.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर गजूभाऊलाही घेऊन तापीकाठी पोंक खायला गेलो. पोंक म्हणजे आपला हुरडाच. फरक एवढा, की आपण शेतात शेकोटीभोवती बसून कणसं चोळून खातो आणि तोंड काळं करून घेतो. सुरतेत तो हिरवागार, निवडलेला, तंबूतल्या टेबलावर बशीत येतो, सोबत लिंबू-मिरीची शेव आणि साखरेची शेव. मी म्हटलं, यात चोळायची मजा गेली. गजूभाऊ म्हणाला, ताई, दिवसभर हात चोळतोच आम्ही, सुटीच्या वेळी राहू द्या. मग पोंकाचे वडे आले, गरम, आणि वाद संपला. तिसऱ्या बशीनंतर मी मान्य केलं की साखरेची शेवही चालते.

भटूदादाने काही खाल्लं नाही. शेव बशीच्या कडेला एका रेषेत लावत बसला होता. वहिनीने विचारलं तर म्हणाला, ‘लाइन थंडी पडाले नको,’ म्हणजे गंधकाचा पाइप. एवढंच. जेवतानाही तेच, झोपायला जातानाही तेच.

मंगळवार, कंट्रोल रूम

देसाईसाहेबांनी मला कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात बसायची परवानगी दिली होती, काहीही न बोलण्याच्या अटीवर. खोलीत संगणकांचे पडदेच पडदे, त्यांच्यासमोर रमणीकभाई, बोर्डावरचा सर्वांत जुना माणूस. खिडकीतून एका बाजूला गंधकाचा पंप दिसत होता, दुसऱ्या बाजूला चिमणी. भटूदादा बाहेर पंपापाशी, वॉकीटॉकी खांद्याला अडकवून. त्याच्या हाताखाली आज हेल्पर म्हणून गजूभाऊ.

नऊच्या सुमारास गंधक सोडलं. पडद्यावरची भट्टीची रेघ वर चढली, चिमणीच्या तोंडाशी पांढरा तुरा आला. सुरुवातीला तो येतोच, देसाईसाहेब म्हणाले, दोन-अडीच तासांत जायला हवा. मला आतून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मी हात मांड्यांखाली घेऊन बसले.

अर्ध्या तासाने रमणीकभाई पुढे झुकले. गंधक कमी येत होतं. पंपाचा भार वाढत होता, म्हणजे पंप जोर लावत होता पण काही पोचत नव्हतं. भट्टीची रेघ सपाट झाली, मग खाली वळली. ती अशीच उतरत राहिली तर रिंगांचे थर थंड होणार, प्लांट थांबवावा लागणार, आणि पुन्हा दोन दिवस तापवणं. आणि भटूदादाचं काय, ते सांगायला नको.

रमणीकभाईंनी वॉकीटॉकी उचलला. लाइन जमते आहे, भटू, स्टीम वाढव, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, ‘देखता हूं.’ रमणीकभाईंनी हवेचा पंखा कमी केला, म्हणजे थोडक्या गंधकात भट्टी तग धरेल. खिडकीतून मला भटूदादा वाकलेला दिसला, मग पाइपांच्या मागे गेला, मग दिसेनासा झाला.

दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात सळई होती. तिच्या टोकाला लालसर काळा गोळा, पाण्यातून काढलेला, ओला. त्याने तो देसाईसाहेबांसमोर धरला. साहेबांनी हातमोजा घालून चिमटीत पकडला आणि ओढला. तो तुटला नाही. चिक्कीच्या पाकासारखा लांबच लांब ताणला गेला.

गंधक थंड पडलं नव्हतं. जास्त तापलं होतं. आणखी वाफ दिली असती तर पुरता खेळ संपला असता.

त्या पाइपाभोवती जाणारी वाफ एका यंत्रातून कमी दाबाची होऊन येते. त्या यंत्राला वळसा घालणारी एक चोरवाट आहे, बायपास म्हणतात, तिच्यातून वाफ थेट आणि फार गरम येते. गंधक वाहत असताना ती उघडी ठेवायची नसते. ती कुणीतरी उघडी ठेवली होती. तिथलं प्रेशर बोर्डावर दिसत नाही, जागेवर जाऊन घड्याळात बघावं लागतं.

गोळा बघूनच सगळं कळलेल्या देसाईसाहेबांनी विचारलं, ‘बायपास कोणे खोल्यो?’

रमणीकभाईंना शंकाच नव्हती. ‘हेल्परनुं ज काम. पेलो गजू सवारे त्यां हतो.’ म्हणजे सकाळी तिथे गजू होता.

आणि देसाईसाहेबांचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला. ठेकेदाराला कळवायचं, गजूचा पास जमा करायचा. तिथे असंच होतं, आणि पटकन होतं, चौकशी वगैरे नंतर. मला न बोलण्याची अट आठवत होती आणि ती मोडण्यासाठी मी अर्धी उठलेही होते. माझी गरज पडली नाही.

‘बायपास बंद करके आया हूं, साहेब,’ भटूदादा म्हणाला. ‘खोला भी मैंने ही था. सुबह छह बजे.’

देसाईसाहेब पहिल्यांदाच यंत्राऐवजी माणसाकडे बघत होते.

‘क्यों?’

‘जाम होने का डर था. ग्यारह साल जाम ही तोड़ा है.’

एकशे साठचा आकडा त्याला पाठ होता, बादली त्याला माहीत होती, रविवारी मला त्यानेच शिकवलं होतं. पण इंजिनिअर झालेल्या माणसाला गंधकाची भीती वाटते ती पुस्तकातली. याची भीती मनगटात होती. म्हणून आयुष्यातल्या त्या एका सकाळी त्याने गंधकाला थोडी जास्तीची ऊब दिली.

देसाईसाहेबांनी फोन खाली ठेवला. ‘जा, लाइन पे खड़ा रह. पहले चालू कर. फिर तेरे से बात करता हूं.’

पुढचा वेळ किती गेला सांगता येत नाही. भट्टीची रेघ उतरत राहिली, पण सावकाश. रमणीकभाई एकेक आकडा सांभाळत होते, आणि मी बघत होते की त्यांचाही घाम पुसायचा राहून गेला आहे. मग पंपाचा भार एका आकड्याने कमी झाला. मग आणखी एका. रेघ सपाट झाली. बाहेर भटूदादाने सळई बादलीत खुपसली, काढली, दाबली, आणि खिडकीकडे बघून हात वर केला. टचकन तुटलं होतं.

रेघ वर निघाली. रमणीकभाई खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, ‘आव्युं, आव्युं.’

बाराच्या आधी चिमणीवरचा तुरा विरळ झाला, मग फक्त हवा थरथरल्यासारखी, मग काही नाही. निळं आकाश आणि त्यात एक रिकामी चिमणी. इतका सुंदर रिकामेपणा मी बघितलेला नाही. प्लांट एकदाही थांबला नव्हता.

गजूभाऊला सगळं जेवणाच्या सुटीत कळलं. त्याने डबा बाजूला ठेवला आणि भटूदादावर तो चिडलाच. ‘येडा आहेस का बे तू? माझं काय, मी तं दुसऱ्या ठेकेदाराकडं गेलो असतो. तुझं काय झालं असतं?’

भटूदादा म्हणाला, ‘गेला असता ना माझ्यामुळे.’ आणि त्याच्या डब्यातलं लोणचं उचलून घेतलं.

देसाईसाहेबांची ‘बात’ चार वाजता झाली, दार लावून. भटूदादाने घरी येऊन सांगितलं ते असं. साहेब म्हणाले, चूक मोठी होती आणि ती लिहून वर जाणार, तुझ्या नावाने. मग म्हणाले, पण प्लांट थांबला नाही, आणि बिघाड तूच ओळखलास, बोर्डाने नाही. मग चष्मा पुसला. आणि म्हणाले, चूक कोणाचीही होते. मला रात्री प्लांटवरून घरी फोन येईल तेव्हा पलीकडून खरं ऐकू यायला हवं. उद्या पहिल्या पाळीला ये, कंपनीच्या पासवर. पत्र यायचं तेव्हा येईल. आणि ती बादली प्रत्येक पाळीला शिकव, इंजिनिअरांना आधी.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. बायपासचं ऐकताना ती उठून उभी राहिली होती, गजूचं ऐकताना पुन्हा बसली. मग म्हणाली, ‘दूध तापत ठेवतस तव्हय बी तुम्ही असंच करतस.’ आणि खाटेवरची साडी अर्धवटच गुंडाळून ठेवली, जे तिने मी आल्यापासून एकदाही केलं नव्हतं. त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायकांनी आमच्याकडे जेवण केलं. गव्हाच्या बट्ट्या, तूप, तिखट वरण, वांग्याची घोटलेली भाजी. गूळवाली शेजारीणसुद्धा होती. तिने आमचं वरण चाखून पाणी मागितलं आणि मग पुन्हा वाढून घेतलं.

बुधवार, फाटक

माझी गाडी दुपारची होती, म्हणून सकाळी मी भटूदादाबरोबर फाटकापर्यंत गेले. सातच्या आधीची वेळ, चहाच्या गाड्यांवर गर्दी. कारखान्याला दोन दारं आहेत. डाव्या दारापाशी ठेकेदाराची माणसं, रांग रस्त्यापर्यंत आलेली, प्रत्येकाची पिशवी उघडून बघणार. उजवीकडे कंपनीचे लोक, चार-पाच जण, पास दाखवायचा आणि आत. एकाच खड्ड्याकडे जायला दोन दारं का, याचं पटण्याजोगं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही, आणि मी ते विचारत राहणार आहे. देसाईसाहेबांना प्रत पाठवली आहे. मथळा बदलला, आतली आग बदललेली नाही.

भटूदादा माझ्याशी बोलत बोलत चालत होता, गावी गेल्यावर आत्याला, म्हणजे माझ्या आईला, काय सांगायचं ते समजावत, आणि बोलता बोलता डाव्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पिशवीही उघडून धरली. मलाही काही वेगळं वाटलं नाही.

पुढे उभा असलेला गजूभाऊ मागे वळला. ‘ओ ऑपरेटरसाहेब,’ म्हणाला, ‘इकडं काय काम? आमची रांग लांब करू नका उगाच.’

सगळी रांग हसली. कुणीतरी भटूदादाची पिशवी बंद करून दिली, कुणीतरी त्याचे खांदे धरून त्याला फिरवलं आणि हलकेच ढकललं. तो पलीकडे गेला. पाच-सहा पावलांचं अंतर, पण तो रस्ता ओलांडावा तसा दोन्हीकडे बघून गेला. तिथल्या रखवालदाराने पास बघितला, तोंड बघितलं, पुन्हा पास बघितला आणि वाट सोडली.

त्याची रांग लहान, म्हणून तो आधी आत पोचला. पण पुढे गेला नाही. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला आला आणि हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला, एकेकाची पिशवी तपासून होईपर्यंत, गजूभाऊ आत येईपर्यंत.

मग दोघं मिळून गंधकाच्या खड्ड्याकडे चालू लागले.